शाळेच्या वाटेवर सायकलींसाठी पट्टी मागावी का?

प्रश्न : देवपूर (धुळे) भागातील आमच्या वसाहतीचा रस्ता रुंद करण्याची चर्चा सुरू आहे. आमच्या मुली आठवी-नववीत असून सायकलनेच शाळेत जातात, म्हणून रस्त्याच्या एका कडेला सायकलींसाठी पट्टी आखून मिळावी, असे आम्हा काही पालकांना वाटते. शेजारचे निवृत्त गुरुजी मात्र म्हणतात की, पट्टी असली की मुले बेसावध होतात आणि अपघात उलट वाढतात. आम्ही मागणी करावी की नाही? — एक पालक

उत्तर : गुरुजींचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही, परंतु ते अर्धेच खरे आहे. नुसता पांढरा पट्टा ओढल्याने टेम्पोचे चाक अडत नाही. चार दिवसांत तेथे दुचाक्या उभ्या राहतात, हातगाड्या लागतात आणि मुलीला पट्ट्याबाहेर पडून ऐन रहदारीत शिरावे लागते. अशी पट्टी न मागितलेलीच बरी. कठड्याने किंवा उंचवट्याने वेगळा केलेला मार्ग मात्र मागून बसणारी धडक खरोखर टाळतो.

अशा मार्गावर उरलेला धोका चौकांत आणि गल्ल्यांच्या तोंडाशी एकवटतो. डावीकडे वळणारी गाडी आणि डाव्या कडेने सरळ जाणारी सायकल यांच्या वाटा तेथे एकमेकींना छेदतात. आपण लिहिता त्याप्रमाणे मार्ग एकाच कडेला केला आणि जायला-यायला तोच वापरला, तर गल्लीतून बाहेर पडणारा चालक सवयीने उजवीकडे पाहत असताना सायकल डावीकडून त्याच्या पुढ्यात येते. म्हणून दोन्ही कडांना एकेरी मार्ग मागावेत, गल्लीच्या तोंडाशी सायकल-मार्ग त्याच उंचीवर पुढे न्यायला सांगावा, म्हणजे गाडीला वेग कमी करूनच तो ओलांडावा लागेल, आणि चौकाजवळ वाहने उभी करू देऊ नयेत.

ही मागणी अवाजवी नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेने १९६२ सालीच सायकल-मार्गांविषयी असे सुचवले होते की, गर्दीच्या तासात २०० हून अधिक मोटारवाहने जात असतील, तर त्या तासात १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग करणे योग्य ठरते. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी दोघा-तिघांनी ओट्यावर बसून मोजणी करावी. आकडे जोडलेला अर्ज बाजूला सारणे कठीण जाते.

वसाहतीच्या आतल्या अरुंद गल्ल्यांना वेगळा मार्ग नको, तेथे वेग आवरणे पुरेसे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीतील ऊर्जा ताशी ३० च्या गाडीपेक्षा सुमारे पावणेतीन पट असते, आणि चालकाचा पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला, तर पहिली गाडी तेवढ्यात जवळपास १४ मीटर पुढे येते, दुसरी साधारण ८ मीटर.

एक गोष्ट मात्र कागदावर फारशी दिसत नाही आणि मला ती सर्वांत जास्त सलते. गेल्या पावसाळ्यात केळीने भरलेल्या गाडीने मागून हॉर्न दिला म्हणून एका शाळकरी मुलीने सायकल डांबरावरून साईडपट्टीवर उतरवलेली मी पाहिली. साईडपट्टी चार बोटे खाली, त्यात आपली काळी माती. परत वर चढताना पुढचे चाक डांबराच्या कडेला घासत राहिले आणि ती दप्तरासह रस्त्यावर पडली. गाडी तोवर पुढे गेली होती, म्हणून ती वाचली. त्या मुलीला बेसावध कसे म्हणावे? तेव्हा अर्जात कडा समपातळीत ठेवण्याचे आणि गटाराच्या जाळीचे गज रस्त्याला आडवे बसवण्याचे स्पष्ट लिहावे, कारण उभ्या गजांत सायकलचे चाक अडकते. कडेचे कडुनिंबही तोडू देऊ नयेत. एप्रिल-मेच्या उन्हात सावली नसलेल्या मार्गावरून मुली जाणार नाहीत, त्या सावली शोधत पुन्हा मुख्य रस्त्यावर येतील.

गुरुजींनाही मोजणीला सोबत घ्यावे.