घुमट आरत्यांचं फोल्डर भरतं किती?

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या जुन्या घुमट आरत्या (घुमट या वाद्याच्या साथीने म्हणतात त्या) मी वह्यांतून संगणकावर उतरवतोय. एका आरतीची एक टेक्स्ट फाइल, अशा २,००० झाल्या. प्रत्येक वाड्याचं वेगळं फोल्डर, पानांचे फोटो निराळे. चवथीआधी पेनड्राइव्हवर घालून वाटायचं आहे, म्हणून आकार काढणारा पायथन प्रोग्राम लिहिला. वरच्या फोल्डरला गेटसाइज हे आकार सांगणारं फंक्शन लावलं तर ४०९६ एवढंच येतं. आतल्या फोल्डरांत उतरत जाणाऱ्या ओएस.वॉकने बेरीज केली तर ३० लाख बाइट. उबंटूतली डिस्कची जागा मोजणारी आज्ञा डीयू मात्र ८ एमबीच्या आसपास दाखवते. खरं कोणतं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तिन्ही खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांचे आकडे आहेत.

४०९६ ही फक्त अनुक्रमणिकेची जागा. फोल्डरात नावांची यादी असते, आरत्या नसतात. त्यामुळे आत उतरून एकेक फाइल मोजण्यावाचून इलाज नाही. ते तुम्ही वॉकने केलंत, आणि ३० लाख हा मजकुराचा आकडा बरोबर आहे. डीयू मोजते ती डिस्कवर अडलेली जागा. आरती चार ओळींची असली तरी वहीत नव्या पानावर सुरू करतात ना, तसंच इथे. तुमची फाइल सरासरी १,५०० बाइटांची, पण तिला ४,०९६ बाइटांचा अख्खा ठोकळा मिळतो. २,००० गुणिले ४,०९६ म्हणजे ८१,९२,०००. पायथनमध्ये हाच आकडा हवा असेल तर फाइलच्या स्टॅटमधला (फाइलची माहिती देणारं फंक्शन) एसटी_ब्लॉक्स हा आकडा घेऊन ५१२ ने गुणा.

पण तुम्हाला पेनड्राइव्ह भरायचा आहे, आणि त्याचा ठोकळा वेगळा असतो. तो ३२ केबीचा असेल तर याच आरत्या साडेसहा कोटी बाइट अडवतील! म्हणून प्रत्येक फाइलचा आकार त्या ठोकळ्याच्या पटीत वर नेऊन मगच बेरीज करा, किंवा सगळ्या आरत्यांची एक झिप करा. फोटो मोठे असतात, तिथे हा फरक जाणवत नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. उघडता न आलेलं फोल्डर वॉक मुकाट्याने सोडून देतो, चूक दाखवत नाही. वडिलांच्या भजनांच्या कॅसेटी मी अशाच संगणकावर घेतल्या होत्या. नवीन डिस्कवर नक्कल केली, दोन्हीकडची बेरीज तंतोतंत जुळली, म्हणून जुनी डिस्क पुसली. नक्कल करणारा आणि बेरीज करणारा, दोन्ही प्रोग्राम मी वॉकवरच लिहिले होते. एक फोल्डर दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावावर होतं, वाचायची परवानगी नव्हती. दोघांनीही तेच वगळलं. त्यातली भजनं गेली ती गेलीच. कॅसेटींना तोवर बुरशी लागली होती.

म्हणून वॉकला ऑनएरर (चूक झाली तर काय करायचं ते सांगणारा पर्याय) द्या. त्यात एक छोटं फंक्शन ठेवा, जे न उघडलेल्या फोल्डरचं नाव छापेल. तुमच्याकडे ट्राय-एक्सेप्टमध्ये नुसतं पास (म्हणजे चूक आली तरी गप्प पुढे जा) लिहिलं असेल तर तेही काढा. आणि गेटसाइजऐवजी एलस्टॅटमधला आकार वापरा, तो लिंकमागच्या फाइलचा नव्हे, लिंकचाच असतो. नाहीतर एखादी आरती दोन वाड्यांत सिम्बॉलिक लिंकने (मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीने) जोडली असेल तर ती दोनदा मोजली जाईल.

वाटप होईपर्यंत मूळ वह्या आणि ही डिस्क, दोन्ही जपून ठेवा.