डहाणूची चिमणी एवढी उंच कशाला?

प्रश्न असा आहे: "मी गोव्याचा. गुजरातला जाताना डहाणूजवळ गाडीतून एक अवाढव्य चिमणी दिसली. एवढी उंच कशासाठी? आणि कोळशाचं वीजकेंद्र समुद्रकाठीच का बांधतात? आपल्या गोव्यात असलं काही नाही, हे आपलं नशीब."

शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. मी डिचोली तालुक्यातला. त्या चिमणीखाली 2001 ते 2013 अशी बारा वर्षं नोकरी केली, पाण्याच्या बाजूला.

चिमणी 275 मीटर. कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर जवळजवळ पावणेचार लागतील. कोळसा जळला की राख आणि वायू निघतात. राखेचा बहुतेक भाग विजेच्या भारित पत्र्यांवर, म्हणजे ईएसपीमध्ये, अडकवून खाली उतरवतात. गंधकाचा वायू मात्र तिथे अडकत नाही. तो जितका वर सोडाल तितका लांबवर पातळ होऊन पसरतो, खालच्या गावाच्या नाकात एकदम येत नाही. उंच चिमणी विष कमी करत नाही, वाटून टाकते. हे स्पष्ट बोलायला आमच्यातले पुष्कळ जण कचरतात.

समुद्र लागतो तो थंडाव्यासाठी. कोळशातल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडी जास्त तेवढी वीज होते. उरलेल्यातली बरीचशी कंडेन्सरमधल्या पाण्याला द्यावी लागते. पंप खाडीचं पाणी ओढतात, नळ्यांतून फिरवतात आणि कोमट करून परत सोडतात. आमचं काम त्या पाण्याच्या तोंडाशी. फिरत्या जाळ्यांवर प्लास्टिक, दोऱ्या, पानं येऊन बसतात, आणि जेलीफिशचा लोंढा आला की जाळी गच्च होते. कुठे फट राहिली की शिणाणे, म्हणजे शिंपले, धरतात, म्हणून क्लोरीन सोडायचा. मुंबईच्या उपनगरात कुणी पंखा लावला की त्याच्या मागे ही जाळी फिरत असायची. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

आता माझ्या दादाची गोष्ट, कारण तुमचं वाक्य अगदी त्याचं आहे.

2004 ची चतुर्थी. खाणी जोरात होत्या. दादाचे दोन टिप्पर खनिज घेऊन नदीवरच्या जेटीपर्यंत दिवसाला जमतील तेवढ्या खेपा मारत होते. आरती झाली, पानावर बसलो आणि सगळ्यांसमोर तो मला म्हणाला, "आमची धुल्ल तांबडी, तुजी काळी." म्हणजे त्याची धूळ मातीची, माझी विषाची. वर म्हणाला, गोवा अजून स्वच्छ आहे तो असले कारखाने आपण येऊ दिले नाहीत म्हणून. आई गप्प राहिली. आमच्या मागच्या दारच्या काजूची पानं त्या वर्षी भर पावसातही तांबडी होती, पण ते बोलायची ताकद माझ्यात नव्हती. धाकट्याने पानावर बसून वाद घालायचा नसतो, असं आमच्या घरी होतं.

2012 मध्ये खाणी थांबल्या, टिप्पर दारात उभे राहिले. त्या डिसेंबरात दादा, वहिनी आणि आईला घेऊन माझ्याकडे राहायला आला. आत न्यायची परवानगी नव्हती, म्हणून सकाळी ओहोटीला त्याला खाडीकाठी नेलं. तो मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. मग विचारलं, "आज बंद आहे का?" चालू होतं. त्याला काळा धूर हवा होता आणि वर जेमतेम पांढुरकं काहीतरी होतं.

ते तसं का, हे त्याला तिथेच उभ्याने सांगितलं. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. चिकूवाले, कोळी, वारली आणि काही चिकाटीची माणसं वीजकेंद्राविरुद्ध कोर्टात गेली. केंद्र अडलं नाही, 250 मेगावॉटचे दोन संच उभे राहिलेच. पण 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमलं गेलं. गंधक काढायची यंत्रणा बसवाच, म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागलं, आणि 2007 मध्ये ती सुरू झाली. धूर समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात. खाऱ्या पाण्याला गंधकाचा वायू शोषता येतो. मग त्या पाण्यात हवा फुंकून ते समुद्रात सोडतात. ती यंत्रणा उभी राहताना मी रोज पाहिली आहे. ती चिमणी कुणाला कंपनीची वाटो, माझ्या लेखी ती भांडलेल्या लोकांचीही खूण आहे.

परतताना वाटेत चिकूची वाडी लागली. दादा थांबला, एका पानावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं, पुन्हा दुसऱ्या पानावर फिरवला. मग विचारलं, "रात्री पाऊस पडला का?" डिसेंबरात कुठला पाऊस. अंगठ्याला रस्त्याची साधी धूळ होती. घरी तोच अंगठा त्याने काजूच्या पानावर कधी फिरवला नव्हता.

म्हणून सांगतो, आपल्या गोव्यात "असलं काही नाही" हे बोलू नका. गोव्याचं स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही, हे खरं. पण आपल्या विजेचा मोठा वाटा छत्तीसगडातलं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल अशा एनटीपीसीच्या कोळशाच्या केंद्रांतून येतो. एकट्या कोरब्यात 2600 मेगावॉट. आपली चिमणी आहे, फक्त ती हसदेव नदीच्या काठी उभी आहे आणि तिची राख तिथल्या लोकांच्या दारात पडते. मुरगावला उतरणारा कोळसा रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलादाला जातो, त्याविरुद्ध वास्कोतली माणसं बोलतात ते योग्यच आहे. मोलेच्या जंगलातून विजेच्या तारा ओढायला विरोध झाला, तोही मला पटतो. पण त्याच दमात एसी लावून "आम्ही स्वच्छ" म्हणणं पटत नाही. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ते लांब आहे."

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी तिथला पगार घेतलेला माणूस आहे, त्या हिशेबाने माझं ऐका. गंधक काढलं तरी कार्बन डायऑक्साइड तसाच वर जातो. 500 मेगावॉट पूर्ण चालले तर तासाला तीनशे टनांच्या आसपास कोळसा लागतो, आणि आपल्याकडच्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राख असते. ती कुठेतरी ठेवावीच लागते. एका वाडीतल्या दोन पानांवरून सगळ्या तालुक्याचा निकाल लागत नाही. कोमट पाण्याबद्दल कोळ्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

पाहायला जायचं असेल तर डहाणू रोडला उतरा, ओहोटीची वेळ बघून खाडीकडे जा. गेटापाशी फोटो काढू नका, सुरक्षारक्षक हटकतील.

यंदा चतुर्थीला दादाकडे विषय निघणारच. पानावर बसायच्या आधी हे त्याला वाचून दाखवणार आहे.