आजोबा चिक चॉकलेटच्या बँडमध्ये होते, नाव मात्र कुठेच नाही

तुमचे आजोबा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटच्या जॅझ बँडमध्ये वाजवत, पण सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मामांच्या बाबतीत अगदी हेच झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

श्रेयनामावलीचा नाद सोडा. त्या काळी वादकांची नावं तिथे सहसा येत नसत. ट्रम्पेटवाला आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे तुमचा चिक, १९१६ साली गोव्यात हळदोण्याला जन्मला. मुंबईत ताज हॉटेलात बँड चालवला, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेतला गाजलेला जॅझ ट्रम्पेटवादक) म्हणत. संगीतकार सी. रामचंद्रांना साहाय्य केलं, १९५१च्या ‘अलबेला’ सिनेमात बँडसकट पडद्यावर दिसला, त्याच वर्षी ‘नादान’ सिनेमाला स्वतः संगीत दिलं. १९६७ मध्ये गेला. त्याचं नाव तरी उरलं. मागे बसून वाजवणाऱ्यांचं काय?

एका सरकारी संग्रहालयात मी मामांची चौकशी केली. सिनेमाचं नाव आणि साल आणा, मग बघू, म्हणाले. ते दिल्यावर लेखी अर्ज, मग वारसाचा दाखला. शेवटी उत्तर आलं, वादकांची नोंद ठेवली जात नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं! त्या कागदी घोड्यांत महिने गेले आणि तेवढ्यात मामांच्या शेजारी बसणारे व्हायोलिनवादक वारले. मामांच्या जुन्या फोटोत कोण कोण आहे हे सांगू शकणारे तेवढेच होते. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: आधी माणसं गाठा, कागद नंतर. जुन्या वादकांच्या घरी फोटो घेऊन जा आणि बोलणं रेकॉर्ड करा. नाव विचारताना टोपणनाव आणि बाप्तिस्म्याचं नाव दोन्ही सांगा, ‘चिक’ म्हणून शोधलं तर चर्चच्या वहीत काय मिळणार? हॉटेलांच्या जाहिरातींसाठी १९४०च्या दशकातली मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं चाळा. बँडप्रमुखाचं नाव मिळेल, बाकीच्यांचं मिळेलच असं नाही. इतर शहरांतल्या बँडबद्दल मला सांगता येणार नाही.

घरात ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या) जुन्या तबकड्या असतील तर स्पिरिटने अजिबात पुसू नका, त्यातली लाख विरघळते. लेबलाच्या कडेला कोरलेला क्रमांक तिरप्या उजेडात वाचून उतरवून घ्या. आणि आजोबांच्या बँडचा ग्रुप फोटो असेल तर इथे टाका, मागच्या बाजूसकट.