इंग्लंडमध्ये ऐन पीक अवरला लांबच्या ट्रेनचं तिकीट स्वस्तात कसं मिळवायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: वय २८, राहायला लीड्सला, ऑफिस ब्रिस्टलला. एक सोमवार आड सकाळी निघायचं, साडेअकराची मीटिंग गाठायची आणि बुधवारी संध्याकाळी परत यायचं. सकाळच्या गाडीचं ‘एनीटाइम’ (कुठल्याही वेळी चालणारं) तिकीट बघितलं की डोळे पांढरे होतात आणि ऑफ-पीकची, म्हणजे कमी गर्दीच्या स्वस्त वेळेची, वाट बघावी तर मीटिंग हुकते. याच मार्गावर मी कामासाठी बरीच वर्षं ये-जा करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचा सगळा प्रवास पीकमधला नाहीच. सातच्या सुमारास लीड्सहून सुटणारी क्रॉसकंट्री या रेल्वे कंपनीची गाडी नवाच्या पुढेमागे बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला पोचते. तिथून ब्रिस्टलपर्यंतचा दीडेक तासाचा प्रवास बऱ्याचदा सकाळचं पीक संपता संपता सुरू होतो. पण तुम्ही लीड्स ते ब्रिस्टल असं सलग एकच तिकीट काढता तेव्हा लीड्सहून सुटायची वेळ धरली जाते आणि चारही तासांना पीकचा भाव लागतो. म्हणजे जो भाग खरोखर गर्दीच्या वेळेत येतो तेवढ्यालाच पीकचे पैसे द्यायचे आणि उरलेला भाग वेगळ्या तिकिटावर करायचा. इथे याला ‘स्प्लिट टिकेटिंग’ म्हणतात, आणि तुमच्यासारख्या प्रवासात सगळ्यात जास्त पैसे यातच वाचतात.

असं का होतं, तेही सांगते, कारण ते कळलं की तिकिटं शोधताना कुठे हात घालायचा हे आपोआप सुचतं. १९९३ च्या रेल्वे कायद्यानं इथल्या रेल्वेचं खासगीकरण झालं. त्या व्यवस्थेत काही भाड्यांवर सरकारचं नियंत्रण ठेवलं गेलं: रोज ये-जा करणाऱ्यांचे बरेचसे पास आणि लांब पल्ल्याचं ऑफ-पीक रिटर्न (जाऊन-येऊन) तिकीट त्यात येतं. लांब पल्ल्याचं एनीटाइम मात्र त्यात येत नाही, ते कंपनी ठरवेल तसं. म्हणून या दोन भाड्यांमध्ये इतकी दरी पडली आहे. दुसरं म्हणजे भाडं किलोमीटरवर मोजलं जात नाही. दोन स्टेशनांच्या प्रत्येक जोडीचं भाडं स्वतंत्र ठरतं, आणि अनेकदा वेगवेगळ्या कंपन्या ते ठरवतात. लीड्स–शेफील्डचं एक गणित, डर्बी–बर्मिंगहॅमचं दुसरं, लीड्स–ब्रिस्टलचं तिसरंच. त्यामुळे तुकड्यांची बेरीज अख्ख्या तिकिटाच्या भाड्याइतकी येईलच असं नाही. कधी जास्त येते, पण लांबच्या पीक प्रवासात बहुतेक वेळा कमी.

हे कायदेशीर आहे का, असं तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलं आहे. पूर्णपणे आहे. ‘नॅशनल रेल कंडिशन्स ऑफ ट्रॅव्हल’ नावाची नियमावली आहे, तिच्या १४व्या कलमात एकाच प्रवासाला दोन किंवा अधिक तिकिटं वापरायची मुभा दिली आहे. अट इतकीच की जिथे एक तिकीट संपून दुसरं सुरू होतं त्या स्टेशनवर गाडी थांबली पाहिजे. तुम्ही उतरायची गरज नाही, जागेवर बसून राहायचं. सीझन तिकीट वगैरे मध्ये आलं तर नियम थोडे निराळे आहेत, पण तुम्हाला सध्या त्याचा संबंध नाही. ट्रेन मॅनेजर तिकीट तपासायला आला की मी फोनवरची ई-तिकिटं एकामागून एक सरकवत दाखवते, तो स्कॅन करतो आणि पुढे जातो. त्यांना हे रोजचं आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. तुम्हाला हवी ती गाडी नॅशनल रेलच्या साइटवर उघडा आणि तिच्या थांब्यांची यादी बघा. साधारण अशी दिसेल: लीड्स, वेकफील्ड वेस्टगेट, शेफील्ड, डर्बी, बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट, चेल्टनहॅम स्पा, ब्रिस्टल पार्कवे, ब्रिस्टल टेंपल मीड्स. चेस्टरफील्ड, बर्टन, टॅमवर्थ इथे काही गाड्या थांबतात, काही थेट निघून जातात, म्हणून यादी त्याच गाडीची हवी. मग प्रत्येक थांब्यासमोर गाडीची वेळ लिहा. ज्या थांब्यावरून गाडी नऊ-साडेनऊनंतर सुटते, तिथून ब्रिस्टलपर्यंतचं ऑफ-पीक सिंगल (एकेरी) तिकीट किती, हे बघा. तुमच्या बाबतीत ते स्टेशन बहुधा बर्मिंगहॅम असेल. त्यानंतर लीड्स ते बर्मिंगहॅम हा उरलेला भाग घ्या आणि तो शेफील्डला किंवा डर्बीला तोडून बघा. या मधल्या तुकड्यांना बऱ्याचदा ॲडव्हान्स (एका ठरावीक गाडीचं, स्वस्त) तिकीट मिळतं, जे अख्ख्या मार्गाच्या ॲडव्हान्सचा स्वस्त कोटा संपला तरी शिल्लक असू शकतं. शेवटी बर्मिंगहॅम–ब्रिस्टलसुद्धा चेल्टनहॅमला तोडून पाहा. ही जागा स्वस्त पडते हे या मार्गावरच्या जुन्या प्रवाशांना चांगलं ठाऊक आहे, जसं लंडन–ब्रिस्टलवाल्यांना डिडकॉट पार्कवे ठाऊक असतं.

ऑफ-पीक नेमकं कधी सुरू होतं याला देशभर एकच वेळ नाही. शहरागणिक, मार्गागणिक, तिकिटागणिक ती बदलते. प्रत्येक ऑफ-पीक तिकिटाला दोन अक्षरांचा किंवा आकड्यांचा एक निर्बंधाचा कोड असतो आणि तो नॅशनल रेलच्या साइटवर टाकला की नियम वाचायला मिळतात. बीआर फेअर्स नावाची एक साइट आहे, तिथे दोन स्टेशनांमधली जवळजवळ सगळी भाडी कोडसकट एका पानावर दिसतात. दिसायला रुक्ष आहे, पण मला या बाबतीत तिच्याइतकी उपयोगी दुसरी साइट माहीत नाही. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) साधारणपणे दिवसभर ऑफ-पीकच धरतात, तेव्हा मीटिंग कधी बँक हॉलिडेनंतरच्या मंगळवारी गेली आणि तुम्ही सोमवारीच निघू शकलात तर ही सगळी खटपट वाचेल.

स्प्लिट शोधून देणारी ॲप्स आहेत, ती वापरायला हरकत नाही. काही ॲप्स वाचलेल्या पैशांतला वाटा घेतात, काही बुकिंग फी लावतात. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर बुकिंग फी नसते आणि तिथे कुठल्याही कंपनीच्या गाडीचं तिकीट मिळतं. मी ॲपवर तोडायची जागा बघते आणि वेळ असेल तर तीच तिकिटं रेल्वे कंपनीच्या साइटवर एकेक करून काढते. एका बाबतीत मात्र ॲप बरं पडतं: तिन्ही तुकड्यांना एकच सीट मिळवून द्यायचा ते प्रयत्न करतं. सोमवारी सकाळी चार-पाच डब्यांच्या व्होयेजर गाडीत डर्बीला सीट बदलायची म्हणजे बॅग डोक्यावर घेऊन माणसांतून वाट काढायची. ते टाळता आलं तर थोडे पैसे जास्त गेलेले मला चालतात.

ॲडव्हान्सबद्दल. ही तिकिटं साधारणपणे १२ आठवडे आधीपर्यंत विक्रीला येतात, कधी उशिरानेही. स्वस्त कोटा संपला की पुढचा भाव, तो संपला की त्याच्या पुढचा. तुमचे सोमवार आधीच ठरलेले आहेत, म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि विक्री सुरू झाली की घ्या. उशीर झाला तरी आशा सोडू नका, कारण काही कंपन्या, आणि क्रॉसकंट्री त्यातली एक, त्याच दिवशी गाडी सुटायच्या थोडं आधीपर्यंत ॲडव्हान्स विकतात. सातऐवजी सहाची गाडी चालत असेल तर तीही बघा, बऱ्याचदा फरक चांगला असतो. पण ॲडव्हान्स त्याच गाडीला चालतं, पैसे परत मिळत नाहीत, आणि मधे उतरून पुढच्या गाडीने जाता येत नाही. चुकीच्या गाडीत बसलात तर नवीन तिकीट काढावं लागतं. आणि तिकिटांमध्ये एखादा तुकडा राहून गेला, तर तेवढ्या भागात तुम्ही विनातिकीट ठरता. इंग्लंडमध्ये २०२३ पासून पेनल्टी फेअर १०० पौंड अधिक सिंगल भाडं असा आहे, २१ दिवसांत भरला तर १०० चे ५० होतात. म्हणून निघण्याआधी एकदा ओळीने वाचा: लीड्स–डर्बी, डर्बी–बर्मिंगहॅम, बर्मिंगहॅम–ब्रिस्टल. मागच्याचं शेवटचं नाव आणि पुढच्याचं पहिलं नाव जुळलं पाहिजे.

आता परतीचं. इथे मला तुमच्यासाठी एक फार चांगली शक्यता दिसते. लांब पल्ल्याच्या ऑफ-पीक रिटर्नचा परतीचा भाग सहसा एक महिना चालतो. आणि बऱ्याच मार्गांवर ऑफ-पीक सिंगलपेक्षा रिटर्न अगदी थोडंसंच महाग असतं. आता उलटं करून बघा: तिकीट लीड्सहून न काढता ब्रिस्टलहून काढायचं. बुधवारी संध्याकाळी ब्रिस्टल–लीड्स हे तुमचं ‘जाणं’ आणि नंतरच्या फेरीच्या सोमवारी सकाळी लीड्स–ब्रिस्टल हे ‘परतणं’. मधे बारा दिवस जातात, म्हणजे महिन्याच्या आत. फायदा कुठे, तर निर्बंधाच्या कोडमध्ये जाण्याचे आणि परतीचे नियम वेगवेगळे लिहिलेले असतात आणि काही तिकिटांवर परतीच्या भागाला सकाळचं बंधन सौम्य असतं किंवा मुळीच नसतं. तसं असेल तर तुम्ही सोमवारी सकाळी सातच्या गाडीत ऑफ-पीक तिकिटावर नियमानुसार बसू शकता. प्रत्येक मार्गावर हे जमत नाही, म्हणून तो कोड शब्द न् शब्द वाचा. बुधवारच्या संध्याकाळचा नियमही त्यातच कळेल. जमलं तर स्प्लिटची गरजच उरणार नाही, आणि हे तिकीट एका गाडीला बांधलेलं नसल्यामुळे मीटिंग लांबली तरी जीव टांगणीला लागणार नाही.

तुमचं वय २८, म्हणजे २६–३० रेलकार्ड लगेच काढा. २०२५ पासून ते वर्षाला ३५ पौंडांना आहे आणि भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. तुमच्या अंतराला एक-दोन फेऱ्यांत ते वसूल होतं. यात एक खोच आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेचार ते दहा या वेळात किमान भाड्याची अट असते, म्हणजे सूट धरूनही तिकीट त्या रकमेच्या खाली जात नाही. लांबच्या एका तिकिटाला त्याची झळ लागत नाही, पण सकाळचा प्रवास तुम्ही फार बारीक तुकड्यांत तोडलात तर छोट्या तुकड्यांवरची सूट कमी होते किंवा नाहीशी होते. म्हणून रेलकार्ड धरून आणि न धरून अशी दोनदा बेरीज करा, आणि सकाळच्या भागाचे तुकडे मोठे ठेवा. जोडीदारासोबत फिरायला जाल तेव्हा ‘टू टुगेदर’ कार्ड सुचवलं जाईल, पण ते सोमवार ते शुक्रवार साडेनऊच्या आधी चालत नाही, तेव्हा या कामासाठी त्याच्या नादी लागू नका.

फ्लेक्सी सीझनही तुमच्या उपयोगाचा नाही. २०२१ मध्ये आलेला हा पास २८ दिवसांत ८ दिवस प्रवास करणाऱ्यांसाठी आहे, तुमचे प्रवासाचे दिवस त्याच्या निम्मेच होतात.

पुढेमागे कामासाठी स्कॉटलंडला जावं लागलं तर हे माहीत असू द्या: १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने आपल्या गाड्यांवरचं पीक भाडं कायमचं काढून टाकलं आहे. इंग्लंडमध्येही हे व्हावं असं मला फार वाटतं. कामाला वेळेवर पोचणाऱ्या माणसालाच सगळ्यात महाग तिकीट, हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

तिकिटं तोडली की उशिराची भरपाई जाते, अशी भीती बऱ्याच जणांना असते, पण तसं नाही. ‘डिले रिपे’ या भरपाईच्या योजनेत उशीर अख्ख्या प्रवासाचा धरला जातो. फॉर्म भरताना सगळी तिकिटं जोडा, एकच जोडलं तर तेवढ्याचेच पैसे येतात. कधी बर्मिंगहॅमला गाडी बदलणार असाल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे तिथली पुढची ॲडव्हान्सची गाडी चुकली तरी नंतरच्या गाडीने जायची मुभा असते, मात्र बुकिंग करताना त्या स्टेशनसाठी ठरवून दिलेली गाडी बदलण्याची किमान वेळ ठेवलेली असली पाहिजे. न्यू स्ट्रीट मोठं आहे, पाच मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलायचा हिशेब धरू नका. भरपाईचा अर्ज प्रवासानंतर २८ दिवसांत करायचा असतो, आणि तोवर ई-तिकिटं फोनमधून पुसू नका.