वाचकांचे प्रश्न : निकोडेमसची चौदा माणसे

प्रश्न : महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे शोधताना कॅन्सस राज्यातील निकोडेमस या गावाचे नाव वाचनात आले. कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेल्या या गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत अवघी १४ भरली. गाव कसे वसले आणि इतके ओस का पडले? वसवणाऱ्यांचे काही चुकले का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वसवणाऱ्यांचे फारसे काही चुकले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या गावाचे भवितव्य ज्या दोन गोष्टींनी ठरवले, त्यांतली एकही त्यांच्या हातात नव्हती.

फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, निकोडेमसची स्थापना झाली. यादवी युद्ध संपून बारा वर्षे झाली होती. गुलामगिरी कायद्याने गेली असली, तरी दक्षिणेतला बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी जुन्याच मालकांच्या जमिनी वाट्याने कसत होता आणि कर्जात रुतत होता. त्याच वर्षी केंद्र सरकारने दक्षिणेतून उरलेसुरले सैनिकी संरक्षणही काढून घेतले. अशा वेळी १८६२ च्या होमस्टेड कायद्याने देऊ केलेली १६० एकर सरकारी जमीन (पाच वर्षे तिथे राहून ती कसली की स्वतःच्या नावावर होणारी) ही या लोकांना मुक्तीची खरी दुसरी पायरी वाटली, यात नवल नाही. शिवाय कॅन्सस हे १८६१ मध्ये गुलामगिरीला थारा न देणारे राज्य म्हणूनच संघराज्यात आले होते.

डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक, रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि त्यांचे काही सहकारी यांनी मिळून वसाहतीची कंपनी स्थापन केली. केंटकी राज्यात पत्रके वाटली गेली. लेक्सिंग्टनमधल्या एका पत्रकात ५ डॉलर भरणाऱ्याला ५ सप्टेंबर १८७७ रोजी कॅन्ससला जाता येईल, असे आश्वासन होते. त्या सप्टेंबरात सुमारे तीनशे माणसांचा जथा आगगाडीने एलिस या स्थानकापर्यंत आला आणि तिथून पुढची वाट पायी तुडवत सॉलोमन नदीच्या काठी पोहोचला.

त्यांना तिथे काय दिसले, याची साक्ष विलियाना हिकमन या बाईंच्या आठवणींतून मिळते. त्या १८७८ च्या वसंतात, दुसऱ्या एका जथ्याबरोबर आल्या. रस्ता असा नव्हताच. हरणांच्या आणि गव्यांच्या पायवाटा धरून, होकायंत्र पाहत, दोन दिवस माणसे चालत होती. शेवटी पुरुषांनी ‘निकोडेमस आले’ असा पुकारा केला. आजारी असलेल्या विलियानाबाईंनी सगळीकडे नजर फिरवली, पण गाव कुठे दिसेना. तेव्हा त्यांच्या पतीने जमिनीतून वर येणाऱ्या धुराच्या रेषांकडे बोट दाखवले. लोक जमिनीत खोदलेल्या घरांत राहत होते आणि चुलींचा धूर तेवढा वर येत होता. ते पाहून आपल्याला रडू कोसळले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. केंटकीच्या झाडीत वाढलेल्या माणसाला त्या उघड्या माळरानावर घराला लाकूडही मिळणार नव्हते, ही गोष्ट लक्षात घेतली की त्या रडण्याचा अर्थ कळतो.

पहिल्या जथ्यातली कित्येक कुटुंबे तो माळ पाहूनच माघारी फिरली. जी राहिली, त्यांच्याकडे बैल-घोडे नावालाच होते, त्यामुळे गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेली जमीन त्यांनी कुदळ-फावड्याने फोडली. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी दिलेल्या अन्नावर पहिला हिवाळा निभावला, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. शंभराव्या रेखावृत्तालगतचा हा टापू मुळातच कमी पावसाचा. तिथे १६० एकर कोरडवाहू जमिनीवर एक कुटुंब दरसाल पोसणे कोणत्याही वर्णाच्या शेतकऱ्याला कठीणच होते.

तरीही दहा वर्षांत गाव उभे राहिले. दुकाने, हॉटेल, बँक, शाळा, चर्च एवढेच नव्हे, तर १८८६ आणि १८८७ मध्ये एकामागून एक दोन वृत्तपत्रे निघाली. इथे राहिलेले एडवर्ड मॅकेब हे १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. दक्षिणेबाहेरच्या कोणत्याही राज्यात राज्यपातळीवरील पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय होते. ज्या लोकांना शिकण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्यातून वीस वर्षांच्या आत हे घडले. चौदा या आकड्याकडे पाहताना ही बाब डोळ्यांआड होऊ नये.

पहिला घाव रेल्वेचा. धान्य बाजारात नेण्याचा दुसरा मार्ग नसल्याने, रेल्वे ज्या गावावरून जाईल ते तगेल आणि जे बाजूला राहील ते मोडेल, असाच त्या काळचा हिशेब होता. १८८७ मध्ये गावकऱ्यांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीला मार्ग इकडून नेण्यासाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, पण तो मार्ग झालाच नाही. पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या दक्षिणेकडून, काही मैल दूर. तिथे बोग हे गाव उभे राहिले आणि निकोडेमसच्या व्यापाऱ्यांनी आपली दुकाने उचलून तिकडे नेली. वृत्तपत्रे बंद पडली. मॅकेब पुढे ओक्लाहोमात गेले आणि लँगस्टन या कृष्णवर्णीयांच्या दुसऱ्या गावाच्या उभारणीत पडले.

गाव मात्र लगेच ओस पडले नाही. शेतकरी टिकून होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाच्या भावाने त्यांना हातही दिला. मोठी गळती लागली ती १९३० च्या दशकात, मंदी, अवर्षण आणि धुळीची वादळे एकदम आल्यावर. १९३५ मध्ये गावात ७६ माणसे उरली होती. पुढे टपाल कार्यालय गेले, शाळा गेली.

दुसरे कारण म्हणजे शेतीत आलेली यंत्रे. ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते अमेरिकेच्या सगळ्या मध्यपश्चिम भागाला लागू आहे. ज्या ग्रॅहॅम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) निकोडेमस आहे, तिची लोकसंख्या १९१० मध्ये ८,७०० होती. २०२० मध्ये ती २,४१५ झाली. ज्या बोगने निकोडेमसचा व्यापार नेला, त्या बोगमध्ये आज जेमतेम दीडशे माणसे आहेत. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रे आली, तसे एकेक शेतकरी कुटुंब चौपट-पाचपट जमीन कसू लागले आणि तेवढ्याच शेतीला लागणारी माणसे घटली. माणसे घटली की शाळेचे वर्ग, दवाखाना, दुकान ही सगळी गळती ओघानेच आली. रेल्वेमुळे निकोडेमस इतरांच्या आधी खचले, एवढाच फरक. याचा ठपका जर वसवणाऱ्यांवर ठेवायचा, तर आजूबाजूच्या गोऱ्या वस्त्यांवरही तो ठेवावा लागेल.

१९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. दोन चर्च, शाळा, जुने सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि १९३९ मध्ये चुनखडीच्या दगडात बांधलेला टाउनशिप हॉल अशा पाच इमारती त्यात आहेत. मूळ रहिवाशांचे वंशज देशभर विखुरले आहेत, पण दरवर्षी जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाच्या सोहळ्यासाठी ते शेकड्यांनी गावी परततात. १८७८ पासूनची ही परंपरा अजून चालू आहे, आणि गावाची मोजदाद करायची झाली तर ती त्या सोहळ्याच्या दिवशीही करावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : नेब्रास्का राज्यातील मोनोवाय या गावात एकच बाई राहतात, असे ऐकले होते, पण २०२० च्या जनगणनेत तिथे दोन माणसे दाखवली आहेत. इतक्या लहान गावात मोजणी चुकतेच कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ही मोजणीतली चूक नाही, हा फरक हेतुपुरस्सर केलेला आहे. रेल्वे आल्यावर १९०२ च्या सुमारास वसलेल्या मोनोवायमध्ये १९३० साली १२३ माणसे होती, २००० मध्ये दोन आणि २०१० मध्ये एक. आता जिथे एकच व्यक्ती राहते, तिथले वय, वंश, घराची मालकी असे तक्ते जसेच्या तसे छापले, तर ती त्या एका माणसाचीच खासगी माहिती उघड करणे ठरते, आणि कायद्याने तर तिथल्या जनगणना खात्यावर गुप्ततेचे बंधन आहे. म्हणून २०२० मध्ये खात्याने गणिती पद्धतीने लहान भागांच्या आकड्यांत थोडी जाणूनबुजून उलथापालथ केली. राज्यांच्या एकूण लोकसंख्येला मात्र हात लावला नाही.

तेव्हा निकोडेमसचे १४ देखील ‘चौदाच्या आसपास’ असे वाचावे. त्यातही निकोडेमसला स्वतःची नगरपालिका नाही. अशा वस्तीसाठी खाते आकडेवारीपुरती हद्द आखते आणि त्या हद्दीबाहेर शेतावर राहणारी कुटुंबे गावचीच असली तरी या आकड्यात येत नाहीत. आकड्यांवरून कल समजून घ्यायचा असेल, तर संपूर्ण काउंटीची, म्हणजे वर दिलेली २,४१५ ही संख्या धरावी. तिच्यात एखाद-दुसऱ्या माणसाच्या फरकाने काही बिघडत नाही.