डॉक्टरबाई, तुमच्या बाळाचं काय?

प्रश्न : मी बालरोग विभागात दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेत ड्युटी करणारी डॉक्टर) आहे. मुलगी पाच महिन्यांची. टर्म लांबू नये म्हणून तिसरा महिना संपताच रुजू झाले. इमर्जन्सीच्या दिवशी बारा-बारा तास दूध काढायला मिळत नाही. काढायचं तर ड्युटी रूमच्या बाथरूममध्ये, आणि बाहेरून कोणीतरी दार वाजवत असतं. परवा राउंडला ॲप्रन भिजला. को-पीजी, म्हणजे बरोबरचा रेसिडेंट, म्हणतो, "हिचे ब्रेक संपतच नाहीत." कालपासून उजवीकडे गाठ आहे, अंगात कणकण आहे. वॉर्डातल्या बायकांना मी दिवसभर सांगते, सहा महिने फक्त अंगावरचं पाजा. आणि घरी सासूबाई पावडरचा डबा उघडतात. मॅडम, अंगावर पाजणं सोडून देऊ का?

उत्तर : आधी एक कबुली देते. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या युनिटमधल्या एका मुलीनं मला हेच विचारलं होतं. ऑपरेशन थिएटरच्या गडबडीत मी म्हटलं, "आम्ही नाही का केलं?" तिनं पुन्हा विषय काढला नाही. महिन्याभरात तिचं दूध आटलं. आणि आम्ही तरी काय केलं होतं? लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून किडनी ट्रेमध्ये दूध पिळायचं आणि बेसिनमध्ये ओतून द्यायचं. वॉर्डातल्या मावशी दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा वेळ आणि जागा मिळत नाही, या कारणासाठी तरी पाजणं सोडू नकोस. तुझं दूध कमी नाही, तुझा ड्युटीचा तक्ता चुकलाय. छाती तुंबून राहिली की शरीर दूध बनवणं कमी करतं, हे तू परीक्षेत लिहून आली आहेस. बारा तासांत तीनदा तरी काढायला हवं, वीस-वीस मिनिटं. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळीच वेळा ठरव : अकरा, तीन, सात. 'ब्रेक' हा शब्दच वापरू नकोस. "तीन वाजता वीस मिनिटं फोन तुझ्याकडे, सात नंबरचं सलाईन बदलायचंय, नऊ नंबरची शुगर बघायचीय," असा रीतसर हँडओव्हर त्या को-पीजीला दे. बदल्यात त्याचं पहाटेचं ब्लड कलेक्शन तू कर. रेसिडेन्सी अशाच देवाणघेवाणीवर चालते. (चहा-सिगारेटला जाणाऱ्याचे ब्रेक कोणी मोजल्याचं मला आठवत नाही.)

जागेचं म्हणशील, तर एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळांच्या आयांना दूध काढायला जिथे बसवतेस, तिथे तूही बस. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं सुरू झाली. त्याच राज्यात बालरोगाची डॉक्टर संडासात बसून दूध काढते, हे तुझ्या विभागप्रमुखांना तोंडी नको, लेखी सांग. अर्ज साधा, चार ओळींचा : जागा, वेळा, किती महिने. वर आवक शिक्का मारून घे. मातृत्व लाभ कायद्यात (२०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे, तरतूद तीच) मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा मधल्या सुट्या पाजण्यासाठी आहेत, आणि २०१७च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलंय. रेसिडेंट विद्यार्थी की नोकरदार, यावर ऑफिसातले तासभर बोलतील. बोलू देत. तू कायद्याचा उल्लेख कर, भांडण काढू नकोस.

आता दूध न्यायचं कसं? हात धुऊन घे आणि उकळलेल्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढ, वर तारीख-वेळ लिहून चिकटव. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवायच्या भरवशावर राहू नकोस. गोठवलेले आइसपॅक घातलेल्या पिशवीत चोवीस तास टिकतं. लसींच्या फ्रिजमध्ये मात्र चुकूनही ठेवायचं नाही, ते नियमाला धरून नाही आणि बोलणीही खाशील. घरच्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस चालतं, दारात नको. वर साय जमलेली दिसेल. नासलं म्हणून सासूबाई ओतून देतील, म्हणून आधीच सांगून ठेव. कोमट पाण्यात डबा ठेवून हलकेच फिरवायचा. गॅसवर नाही.

सासूबाईंवर रागावू नकोस. रडणारं बाळ दिवसभर त्यांच्या मांडीवर असतं, तुझ्या नाही. घरात जुनं चांदीचं बोंडलं असेलच; ते उकळून त्यांच्या हातात दे आणि एकदा त्यांच्यासमोर पाजून दाखव. बाटलीपेक्षा त्यांना तेच जास्त जमेल. एखाद्या दिवशी दूध पुरलं नाही आणि पावडरचा डबा उघडावा लागला, तर उघडा. त्या दिवशीही पंपिंगची वेळ चुकवू नकोस, एवढंच.

गाठ जोरजोरात चोळू नकोस. थंड पट्टी ठेव, पाजणं चालू ठेव, त्या बाजूनंही. चोवीस तासांत उतार पडला नाही, ताप चढला किंवा कातडी लाल झाली, तर ओपीडीत जाऊन स्वतःला दाखव. रांगेत उभी राहा हवं तर. स्वतःच चिठ्ठी लिहून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं नाही. हे मी तुला सांगतेय, कारण तू तेच करणार आहेस.