तलंगा आंब्यावर, खुराडं रिकामं

प्रश्न : नमस्कार. आम्ही पाटण तालुक्यात राहतो. एप्रिलमध्ये फिरत्या टेंपोवाल्याकडून दोन महिन्यांच्या १५ तलंगा (अजून अंडी घालायला न लागलेल्या कोवळ्या कोंबड्या) घेतल्या, गावरान म्हणून दिल्या त्याने, खऱ्या किती देव जाणे. मिस्टरांनी वेल्डिंगवाल्याकडून पाच बाय सहा फुटांचं खुराडं करून घेतलं, लोखंडी अँगल, जाळी, वर पत्रा, बसायला आत दोन लोखंडी पाइप. पण एक आत जाईल तर शपथ. दिवस मावळला की पाच-सहा आंब्यावर, बाकीच्या गोठ्याच्या आढ्याला नाहीतर ट्रॉलीच्या फाळक्यावर, आणि मी आणि धाकटे दीर बॅटरी घेऊन तासभर हाकत बसतो, काठी दाखवली की अजून वर जातात. परवा रानमांजराने दोन नेल्या, नुसती पिसं सापडली. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कोंबड्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप जायच्या. मग आमच्याच का जात नाहीत? पंख कापू का? पाऊस पण आता तोंडावर आलाय.

उत्तर : ताई, सासूबाई खरंच बोलतायत, फक्त एक गोष्ट सांगायची राहिली त्यांची. त्यांच्या वेळी पिल्लं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली निघायची. संध्याकाळी आईमागोमाग डालग्याखाली (कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली) जायची, मोठी झाली की आई जिथे चढेल तिथे तिच्या बाजूला चढायची, म्हणजे शिकवणारी घरातच होती, माणसाला काही करावं लागत नव्हतं. तुमच्या तलंगा मशीनमध्ये निघाल्या, बल्बखाली वाढल्या आणि टेंपोतून तुमच्या दारात उतरल्या. त्यांना खुराडं म्हणजे काय हेच माहीत नाही. उंचावर बसायचं एवढं मात्र रक्तातच आहे, रानकोंबडी आजही झाडावरच रात्र काढते, त्यामुळे त्या आंब्यावर गेल्या यात त्यांचं काही चुकलं नाही.

आता काठी आधी ठेवून द्या, आणि एक दिवस दिवस मावळायच्या वेळी स्वतः खुराड्याच्या दारात वाका आणि आत डोकं घाला. बाहेर चांगला उजेड असतो आणि आत काळोख, बरोबर? कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, रातांधळी म्हणा ना, म्हणून तर ती उजेड आहे तोवर जागा धरायची घाई करते. अशा वेळी काळ्या भोकात कोण शिरेल? आत एक छोटा झिरोचा बल्ब लावा, बाहेर उजेड कमी व्हायला लागला की चालू करायचा, म्हणजे सगळ्या अंगणात तीच जागा उजळ दिसते. सगळ्या आत जाऊन बसल्या की दहा-पंधरा मिनिटांनी बंद. रात्रभर ठेवू नका, किडे येतात, झोप लागत नाही, आणि वाढत्या तलंगांना जास्त तास उजेड मिळाला की त्या वयाच्या आधीच अंड्यावर येतात, मग अंडं बारीक आणि तलंगेच्या जिवाला त्रास.

दुसरं ते पाइप. एकतर गुळगुळीत, त्यात एप्रिल-मेला पत्र्याखाली तापलेले. कोंबडी पाय दुमडून बसली की बोटं आपोआप दांडीला आवळली जातात, पण दांडी धरता तर आली पाहिजे. जाड कळक म्हणजे बांबू घ्या नाहीतर दोन इंच रुंद लाकडी पट्टी, कडा घासून गोल केलेली. एकीला आठ-दहा इंच जागा लागते, म्हणजे तुमच्या आता उरलेल्या १३ जणींना मिळून नऊ ते अकरा फूट दांडी. पहिली दांडी जमिनीपासून फूट-दीड फुटावर, दुसरी तिच्या मागे फूटभर अंतर सोडून अडीच फुटांवर, शिडीसारखी, एकीच्या डोक्यावर दुसरी येता कामा नये नाहीतर सकाळी वरचीची शीट खालचीच्या पाठीवर. खाली भाताचं तूस पसरा. आणि पत्र्यावर पाचट नाहीतर गवताचे भारे टाका, कारण दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी सातला पण खाली आग ओकत असतो आणि त्याच वेळी तुम्ही त्यांना आत या म्हणताय. आंब्याखाली मस्त गार वारा आहे हो. मी कोंबडी असतो तर मी पण आंब्यावरच गेलो असतो.

एवढं झालं की मग शिकवणी. रात्री अंधार पूर्ण पडला की दीरांना शिडी लावून एकेक खाली काढायला सांगा, अंधारात त्या गप्प बसून राहतात, ओरडा नाही पळापळ नाही, दोन्ही हातांनी पंख धरून उचलायच्या, पायाला लोंबकळत आणू नका. आणि आत नेऊन जमिनीवर नाही सोडायच्या, दांडीवर बसवायच्या, बोटं दांडीला लागली की हात काढा. इथेच लोक चुकतात, आत ढकलून दार लावतात, मग तलंगा कोपऱ्यात एकावर एक चढून ढीग करतात आणि खालची गुदमरते. सगळ्या बसल्या की दार बंद, आणि ते दार सलग पाच दिवस बाहेर जायला उघडायचं नाही. दाणापाणी आतच. पाच बाय सहा म्हणजे ३० चौरस फूट, तेराजणींना चार-पाच दिवस चालतं, जमलं तर दारापुढे जुनी जाळी लावून छोटं अंगण करून द्या म्हणजे टोचाटोची होणार नाही. मेचा उन्हाळा आहे तर दुपारी पाणी दोनदा बदला. पोरांना वाईट वाटेल, कोंडलं कोंडलं म्हणतील, वाटू दे.

सहाव्या दिवशी सोडायच्या पण सकाळी नाही, दिवस मावळायच्या तासभर आधी. त्या दिवशी दुपारचा दाणा कमी ठेवा म्हणजे पोट थोडं मोकळं असेल. तासाभरात त्या लांब जात नाहीत, आणि मग डब्यात मूठभर कणी किंवा बाजरी खुळखुळवून हाक मारायची आणि दाणे आत टाकायचे, बाहेर एक दाणा नाही. हाक प्रत्येक घरची वेगळी असते, कोणी या या करतं कोणी जीभ टाळ्याला लावून आवाज काढतं, काहीही चालतं फक्त रोज तीच आणि शक्यतो त्याच माणसाची. चार दिवस असं तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस, आठ-दहा दिवसांत पूर्ण मोकळ्या. एक दोघी तरी परत आंब्यावर जाणारच. त्यांना रोज रात्री न कंटाळता उतरवून दांडीवर बसवायचं, एका रात्री कंटाळा केला की ती एक रात्र त्या बरोबर लक्षात ठेवतात. बघा, त्यात एखादी म्होरकी असते, ती वळली की बाकीच्या मागे येतात, म्हणून तिला आधी उतरवा.

वेळ घड्याळावर ठेवू नका. आपल्याकडे जूनअखेरीला सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, कोंबडी सूर्याचं ऐकते, तुमच्या मालिकेच्या वेळेचं नाही.

पंख कापायचं म्हणाल तर मी आधी नकोच म्हणेन. एका बाजूची मोठी पिसं छाटली की तोल जातो आणि उंच उडता येत नाही हे खरं, पण मग ती आंब्याऐवजी ट्रॉलीच्या चाकाखाली झोपेल, आणि कुत्रं मागे लागलं तर तिला वर पळायचा रस्ताच नाही. शिवाय वाढत्या तलंगेच्या कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं, चुकून ते कापलं की भळभळ रक्त आणि बाकीच्या त्याच जागी टोचत बसतात. खुराडं सुधारून, कोंडून, रोज उतरवून महिना झाला तरी एखादी ऐकत नसेल तर मग तिच्यापुरता विचार करू.

रानमांजराचं मात्र आजच बघा. जाळी अर्ध्या इंचाची हवी, कोंबडी आत राहते म्हणून मोठ्या भोकाची लावतात पण पंजा आत जातो आणि दांडीवरच्या कोंबडीचं मुंडकं तिथूनच ओढतात, मी डोळ्याने बघितलंय. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा नाहीतर कुलूप. खालून घूस उकरते, कडेने फूटभर दगड गाडा. आणि एक फायदा सांगतो, एकदा रात्री सगळ्या एका जागी सापडायला लागल्या की लस टोचणं सोपं होतं. दोन महिन्यांच्या पुढे मानमोडीची म्हणजे रानीखेतची पुढची लस द्यावी लागते, टेंपोवाले सगळं दिलंय म्हणून सांगतात, तुम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचाराच.

शेजारणीकडून एखादी शहाणी जुनी कोंबडी आणून ठेवली तर ती आठवड्यात यांना शिकवते, पण दोन-तीन आठवडे तिला वेगळं ठेवून मगच मिसळा, नाहीतर ती रोग पण शिकवेल.

प्रश्न : आमच्या कोंबड्या वर्षभर नीट आत जात होत्या. आता १५ दिवसांपासून दारापर्यंत येतात, मान आत घालून बघतात आणि माघारी फिरतात, बाहेर भिंतीवर बसतात. खुराडं तेच, आम्ही काहीच बदललं नाही. (सिन्नरहून एक वाचक)

उत्तर : दादा, तुम्ही नाही बदललं, आत कोणीतरी राहायला आलंय. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूला, सांध्यात, लाकडाच्या भेगांत बघा. पांढरा कागद दांडीखालून घासा, लाल ठिपके उठले तर रक्त पिणारे बारीक किडे झालेत. दिवसा ते भेगांत लपतात आणि रात्री कोंबडीवर चढतात, म्हणून दिवसा कोंबडी धरून बघितली तर काही सापडत नाही आणि लोक म्हणतात हिला काही झालं नाही. तुरा फिका पडलाय का तेही बघा. दांड्या काढून कडक उन्हात टाका, भेगांवर उकळतं पाणी, लाकडी सांधे असतील तर सावधपणे गॅसच्या बर्नरची आच, तूस सगळं जाळून नवीन टाका, आणि हे आठवड्याने परत एकदा करा कारण अंडी राहिलेली असतात. औषध मारायचं तर जनावरांच्या डॉक्टरला विचारून, शेतातलं फवारणीचं उरलेलं अजिबात नाही, अंडी तुम्हीच खाणार आहात. किडे नसतील तर सापाची कात, घुशीचं बीळ, नाहीतर नुसता वास. पहाटे दार उघडायच्या आधी दांडीच्या उंचीला नाक नेऊन श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाहीये, वरच्या बाजूला जाळीची पट्टी सोडा.

खुराडं हलवलं तर नाही ना, तेही विचारतो. मी एकदा सावलीसाठी माझं खुराडं जेमतेम २० फूट सरकवलं, तेच खुराडं, त्याच दांड्या. संध्याकाळी सगळ्या कोंबड्या जुन्या जागी रिकाम्या जमिनीवर ओळीने येऊन बसल्या, वरून पाऊस, आणि शेजारी खुराडं उघडं. परत पाच दिवस कोंडल्या तेव्हा पटलं त्यांना.

प्रश्न : आत जातात पण दांडीवर न बसता अंड्याच्या खोक्यात झोपतात, सगळी घाण. शिवाय नवीन सहा तलंगांना जुन्या कोंबड्या आत येऊ देत नाहीत. (कुडाळहून)

उत्तर : खोकं दांडीपेक्षा उंच असणार तुमचं, कोंबडी सगळ्यात उंच जागा धरते. दांडी वर घ्या नाहीतर खोकं खाली आणा, आणि पंधरा दिवस दुपारी चारनंतर खोक्यांच्या तोंडाला पोतं लावा, सकाळी उजाडायच्या आत काढा. तलंगा अजून अंड्यावर आल्या नसतील तर खोकी सरळ बंदच ठेवा.

नव्या-जुन्यांचं भांडण दांडीच्या जागेवरून असतं. पलीकडच्या भिंतीला वेगळी दांडी लावा, आधी आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना नुसतं बघू दे, मग रात्री अंधारात नव्या सहाही एकदम नेऊन बसवा, एकएक नाही. सकाळी थोडी मारामारी होईल, रक्त निघालं तरच सोडवा. दाणा आणि पाणी दोन जागी ठेवा, आणि दाराशी अडवणारी एक जी आहे, असतेच एक, तिलाच चार दिवस बाहेर डालग्याखाली ठेवा. परत येते तेव्हा नवीन तीच असते.